गादी, रक्त आणि मेलेली माणसं: माया राजांबद्दलच्या एका पोस्टला उत्तर

प्राचीन माया संस्कृतीबद्दलची एक पोस्ट मराठी समूहांमध्ये पुन्हा पुन्हा फिरत असते. तपशील थोडेफार बदलतात, गाभा तोच. मायांचं एक अखंड साम्राज्य होतं. त्यांचा राजा साक्षात देव मानला जाई, त्यामुळे बापानंतर मुलगा गादीवर बसे आणि कुणी हूं की चूं करत नसे. राजघराण्यातल्या बायका फक्त वंश वाढवण्यापुरत्या. पूर्वजपूजा म्हणजे मेलेल्यांची भीती. पकाल नावाचा राजा आपल्या शवपेटीवर अंतराळयान चालवताना कोरलेला आहे. आणि नवव्या शतकात हे सगळे लोक अचानक नाहीसे झाले. शेवटी मयासुरही हजेरी लावतो. नावातल्या साम्यापलीकडे त्याला कसलाच आधार नाही, म्हणून त्याच्यावर शब्द खर्च करत नाही. बाकीचे मुद्दे एकेक करून पाहू.

त्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. यातल्या काही चुका एके काळी विद्वानांच्याच होत्या. १९५०च्या दशकापर्यंत माया लेखांतल्या तारखा वाचता येत, बाकीचा मजकूर जवळजवळ नाहीच. एरिक थॉम्पसन यांच्यासारखे मातब्बर अभ्यासक सांगत की हे सगळं कालगणनेचं आणि ग्रहताऱ्यांचं आहे, कोरलेल्या आकृती पुरोहितांच्या किंवा देवांच्या आहेत. १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी ग्वाटेमालातल्या पिएद्रास नेग्रास इथल्या शिलास्तंभांवरच्या तारखा गटागटानं मांडल्या. प्रत्येक गट एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढाच निघाला. आधी जन्म, मग राज्यारोहण, मग पुढच्या घटना. पुरोहित म्हणून ओळखली जाणारी ही माणसं हाडामांसाचे राजे होते. सोव्हिएत संघात युरी क्नोरोझोव्ह यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं की या लिपीतली बरीच चिन्हं उच्चार दाखवतात. या दोन वाटा जुळल्या आणि दगड बोलू लागले. कोण कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, कुणी कुणाला पकडलं, कुणाच्या देखरेखीखाली कोण गादीवर बसला. नात्यांशिवाय तिथे राजकारणाचं एक वाक्य पुरं होत नाही.

"मायांचं एक साम्राज्य होतं"

नव्हतं. अभिजात काळात, साधारण इ.स. २५० ते ९०० मध्ये, आजचा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरासचा पश्चिम भाग एवढ्या मुलुखात डझनावारी राजघराणी होती. हाइनरिश बर्लिन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की प्रत्येक मोठ्या नगराच्या लेखांत त्याचं स्वतःचं एक चिन्ह येतं. पुढे कळलं की ते तिथल्या राजाच्या पदवीचाच भाग आहे. एकाच वेळी अनेक जण स्वतःला आपापल्या जागचे पवित्र अधिपती म्हणवत होते. सम्राटपदाच्या सगळ्यात जवळ कुणी गेलं असेल तर ते आजच्या मेक्सिकोतल्या कालाकमुल नगराचं सर्प-घराणं, विशेषतः ६३६ ते ६८६ राज्य करणारा युकनूम चेन. पण त्यानंही दूरची नगरं खालसा केली नाहीत. तिथल्या राजाचं राज्यारोहण आपल्या देखरेखीखाली घडवायचं आणि घराण्यातल्या मुली तिथे द्यायच्या, ही त्याची रीत. स्थानिक घराणं जागेवरच राहू दिलं जाई, कारण त्या जागेवरचा हक्क तिथे पुरलेल्या माणसांमधून येत असे.

"राजा देव होता, म्हणून वारशाचा प्रश्नच येत नसे"

यात अर्धं खरं आहे आणि त्यामुळेच हा मुद्दा खपतो. माया राजे स्वतःला पवित्र म्हणवत, देवांचे मुखवटे चढवून नाचत, आणि बापाची गादी मुलाकडे जावी ही सर्वसाधारण अपेक्षाही होती. पण ज्याच्या हक्काबद्दल कुणालाच शंका नाही, तो आपल्या आईबापांची आणि खापरपणज्यांची नावं एवढ्या खटपटीनं दगडात का कोरवून घेईल? सगळ्यात लांबलचक वंशकथा पुष्कळदा तिथेच सापडतात, जिथे वारसा मोडलेला किंवा वादग्रस्त आहे.

ग्वाटेमालातलं तिकाल हे नगर घ्या. १६ जानेवारी ३७८ या दिवशी सियाह काक नावाचा सेनानी तिथे पोचला आणि त्याच दिवशी तिकालचा राजा चाक तोक इचाक मरण पावला. पुढच्या वर्षी याश नून आयीन गादीवर आला. त्याचा बाप तिकालचा राजा नव्हताच. अभ्यासकांनी 'स्पिअरथ्रोअर आउल' असं टोपणनाव दिलेला तो पुरुष मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या महानगराशी जोडलेला होता. याश नून आयीनचा मुलगा सियाह चान कविल ४११ मध्ये राजा झाला, आणि ४४५ मध्ये त्यानं जो स्तंभ उभारला तो बारकाईनं पाहण्यासारखा आहे. मधोमध राजा, नखशिखांत जुन्या माया राजांच्या वेषात. दोन्ही बाजूंना त्याचा बाप, परक्या सैनिकाच्या पोशाखात. राजाच्या डोक्यावर पुन्हा तोच बाप, या वेळी सूर्यरूपी पूर्वज होऊन तरंगणारा. सोबतचा लेख तिकालच्या जुन्या राजांकडे मागे जातो, आणि हा राजा स्वतःला आद्य पुरुष याश एब शोकपासून सोळावा गणतो. मधला धक्का जणू घडलाच नाही. त्याची आई बहुधा जुन्या घराण्यातली होती. आजोबा बाहेरचा, आई इथली, आणि दोघांचाही हिशेब एकाच दगडावर.

मेक्सिकोतल्या याशचिलान या नगरात तर मोडतोड अगदी उघडी पडते. इत्सामनाह बालाम हा राजा ६० वर्षं राज्य करून ७४२ मध्ये वारला. त्याचा मुलगा याशून बालाम, ज्याला इंग्रजी पुस्तकांत 'बर्ड जॅग्वार' म्हणतात, गादीवर आला ७५२ मध्ये. मधली दहा वर्षं? याशचिलानचे लेख गप्प आहेत. पण शेजारच्या, बऱ्याचदा शत्रू असलेल्या पिएद्रास नेग्रासच्या एका फलकावर ७४९ सालच्या समारंभाची नोंद आहे, आणि त्या समारंभाला याशचिलानचा राजा म्हणून योपात बालाम नावाचा कुणीतरी आला होता. घरच्या दगडांवर त्याचा मागमूस नाही. याशून बालामनं गादीवर येताच कामाचा सपाटा लावला. वडिलांबरोबर ७४१ मध्ये आपण एक विधी केला असं दाखवणारा स्तंभ उभारला. तो विधी वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षाचा, कोरीवकाम मात्र त्याच्या स्वतःच्या राज्यारोहणाच्या वेळचं. त्याची आई कालाकमुलची राजकन्या. नवऱ्याच्या हयातीतल्या कोरीवकामात तिचा पत्ता नाही, मुलाच्या राज्यात ती जिकडे तिकडे दिसू लागते. आसपासच्या ठाण्यांवरच्या सरदारांनाही त्यानं आपल्या शेजारी कोरू दिलं. ला पासादिता इथला तिलोम हा त्यांतला एक. निर्विवाद देवराजाला सरदारांची अशी मनधरणी करावी लागत नाही.

होंडुरासमधल्या कोपानची चौकोनी शिळा, जिला 'क्यू वेदी' म्हणतात, ती या सगळ्यात माझ्या विशेष आवडीची. तिच्या चार बाजूंवर प्रत्येकी चार असे १६ पुरुष बसले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही अभ्यासकांना ही खगोलशास्त्रज्ञांची परिषद वाटली होती, पंचांग दुरुस्त करायला जमलेली. आता लेख वाचता येतो. हे कोपानचे १६ राजे आहेत, प्रत्येक जण आपल्या नावाच्या चिन्हावर बसलेला. पहिला राजा याश कुक मो ४२७ मध्ये कोपानला आला, आणि इथे तो सोळाव्या राजाच्या, याश पासाहच्या, हाती सत्तेची खूण देतो आहे. दोघांमध्ये साडेतीन शतकांचं अंतर! ही शिळा ७७६ मध्ये बसवली गेली. जवळच्या एका कोठीत १५ मोठ्या मार्जारांची हाडं सापडली, आधीच्या प्रत्येक राजामागे एक.

आता खोच पाहा. याश पासाह आपली आई मेक्सिकोतल्या पालेंके नगराच्या राजघराण्यातली असल्याचं सांगतो. पंधरावा राजा आपला बाप होता, असं मात्र तो कुठे म्हणत नाही. आणि ज्या आद्य पुरुषाकडून तो सत्ता घेतो आहे, तोही कोपानचा नव्हे. त्याच्या मानल्या जाणाऱ्या सांगाड्याच्या दातांतलं आणि हाडांतलं स्ट्रॉन्शियम, म्हणजे माणूस कुठे वाढला याची खूण देणारं मूलद्रव्य, तपासलं, तेव्हा बालपण दुसरीकडे गेल्याचं दिसलं. सोळा जणांची ती सलग रांग ही वंशावळ म्हणून वाचायची नाही. तो दावा आहे. ७३८ मध्ये कोपानच्या तेराव्या राजाचं किरिग्वाच्या राजानं, आपल्याच मांडलिकानं, डोकं उडवलं होतं. एवढा मार खाल्लेल्या घराण्याला अशा दाव्याची गरज पडणारच.

रक्ताचं नातं जोडतं तसं तोडतंही, हे सांगायला दोस पिलास हे नगर पुरे. तिकालच्याच राजवंशातला बालाह चान कविल तिथे जाऊन बसला, तिकालचंच चिन्ह वापरत राहिला, आणि तिकालच्या हाडवैऱ्याला, कालाकमुलला, जाऊन मिळाला. तिकालचा राजा नून उहोल चाक बहुधा त्याचा सावत्र भाऊ. दोघांत अनेक वर्षं युद्ध चाललं. ६७९ च्या विजयानंतर दोस पिलासच्या जिन्याच्या पायऱ्यांवर रक्ताच्या थारोळ्याची आणि कवट्यांच्या राशीची नोंद कोरली गेली. भाऊबंदकी हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

"राजघराण्यातल्या बायका वंश वाढवण्यापुरत्या"

लांब झगे घातलेल्या आकृती म्हणजे पुरोहित, असं जे मानलं जात होतं, त्यांतल्या अनेक आकृती स्त्रियांच्या आहेत हेही प्रोस्कुरियाकॉफ यांनीच १९६१ मध्ये दाखवलं. त्यानंतरचा पुरावा वाढतच गेला.

पालेंकेमध्ये योहल इक्नाल ५८३ ते ६०४ स्वतःच्या अधिकारात राज्य करत होती. तिकालमध्ये ५११ मध्ये गादीवर बसवली गेली ती सहा वर्षांची मुलगी. तिच्या नावानं कारभार कोण करत होतं हा वेगळा विषय, पण गादीसाठी ती चालली. ६८२ मध्ये दोस पिलासच्या बालाह चान कविलनं आपली मुलगी नारान्हो या नगरात पाठवली. अभ्यासक तिला 'सिक्स स्काय' म्हणतात. नारान्होचं घराणं तेव्हा युद्धात कोलमडलं होतं. ६८८ मध्ये तिथे काक तिलिव चान चाकचा जन्म झाला, ६९३ मध्ये पाच वर्षांचा असताना तो राजा झाला. तो तिचा मुलगा असावा, आणि त्याचा बाप कोण हे नारान्होच्या लेखांत कुठेही स्पष्ट नाही. कोरीव स्तंभांवर ती स्वतः कैद्याच्या अंगावर पाय रोवून उभी आहे, जसे राजे उभे असतात. एल पेरू-वाका इथे कालाकमुलच्या घराण्यातली काबेल राणी 'कालोमते' ही पदवी लावायची, जी तिच्या नवऱ्याच्या पदवीपेक्षा वरची. माहेर बलाढ्य असलं की सासरी काय होतं, याचं हे दगडी उदाहरण.

आणि याशचिलानची काबाल शोक. ७२६ मध्ये वाहिलेल्या तिच्या इमारतीच्या दारांवरच्या आडव्या शिळांवर ती जिभेतून काटेरी दोर ओढून रक्त काढते आहे, आणि दुसऱ्या शिळेवर त्या रक्तातून उभ्या राहिलेल्या सर्पाच्या जबड्यातून एक शस्त्रधारी बाहेर येतो आहे. बहुतेक अभ्यासक त्याला पूर्वज मानतात. घराण्याच्या मृतांना बोलावून आणण्याचं काम इथे राणी करते, राजा नाही. या शिळा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

उलट टोकही गाठायला नको. स्त्रीराज्य वगैरे काही नव्हतं. स्वतःच्या नावानं राज्य केलेल्या राण्या मोजक्याच, आणि त्या बहुतेक पुरुष वारस नसताना किंवा लहान असताना पुढे आल्या. पण आईकडचं रक्त मोजलं जात होतं, वेळप्रसंगी बापाकडच्यापेक्षा जास्त. सोळाव्या शतकात युकातानमध्ये लिहिणारा बिशप दिएगो दे लांदाही सांगतो की तिथली माणसं बापाकडचं आणि आईकडचं अशी दोन्ही नावं बाळगत, आणि आपल्या कुळाची माहिती ठेवण्याबद्दल फार दक्ष असत.

"पूर्वजपूजा म्हणजे मेलेल्यांची भीती"

पूर्वज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पितृपक्ष येतो. वर्षातून ठरल्या तिथीला बोलवायचं, जेवू घालायचं, पुन्हा त्यांच्या लोकी रवाना करायचं. मायांचे मृत जात नसत. ते घरातच असत, जमिनीखाली.

उत्तर बेलीझमधल्या काशोब या छोट्या वस्तीचं उत्खनन पॅट्रिशिया मॅकॅनी यांनी केलं. तिथे राजवाडा नाही की पिरॅमिडांची नगरी नाही. साधी शेतकरी घरं, आणि त्यांच्या जमिनींखाली पिढ्यान्‌पिढ्या पुरलेली माणसं. जमीन उकरायची, माणूस ठेवायचा, नवी जमीन घालायची, वर पुन्हा संसार. पुढेपुढे काहींची हाडं गाठोडं बांधून हलवलेली दिसतात, आणि त्या जागेचं घरातून देवस्थानात रूपांतर होतं. मॅकॅनींचं म्हणणं मला पटतं. मेलेला प्रत्येक जण पूर्वज होत नसे. निवडक मृतांनाच तो मान मिळे, आणि निवड करणारे जिवंत असत. अमुक माणूस या जमिनीखाली आहे, मी त्याचा वंशज आहे, म्हणून हे शेत आणि ही फळबाग माझी. सातबारा नसलेल्या समाजात हाच कागद. काराकोल या मोठ्या नगरातही सामान्य घरांच्या चौकांत पूर्वेला छोटं देवस्थान आणि त्याखाली थडगं, हा नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. राजांनी नवं काही काढलं नाही. शेतकऱ्याच्या घरातली रीत उचलून तिच्यावर पिरॅमिड चढवला.

म्हणूनच राजांच्या थडग्यांकडे परत परत जायची वाट ठेवलेली असे. पालेंकेमध्ये पकालच्या शवपेटीपासून जिन्याच्या कडेनं वर मंदिराच्या फरशीपर्यंत एक दगडी नळी नेली आहे. जिना भराव टाकून बंद केला, नळी ठेवली. पिएद्रास नेग्रासच्या ज्या फलकाचा उल्लेख वर आला, त्याचा लेख संपतो तो मृत राजाच्या थडग्यात अग्नी नेण्याच्या विधीनं. उत्खननात त्या राजाचं मानलं जाणारं थडगं उघडलेलं, जळालेलं, आणि बरीचशी हाडं काढून नेलेलं मिळालं. वारस येऊन गेल्याची ती खूण. आणि लांदा लिहितो ते कोकोम घराण्याबद्दलचं तर अंगावर येतं. मृत अधिपतीचं डोकं कापून शिजवायचं, मागचा अर्धा भाग करवतीनं काढायचा, पुढच्या हाडांवर डिंकासारख्या पदार्थानं चेहरा घडवायचा, आणि तो घरातल्या मूर्तींसोबत ठेवून सणावाराला अन्न दाखवायचं. भीती वाटणाऱ्या माणसाचा चेहरा कुणी देव्हाऱ्यात ठेवत नाही.

शत्रूंनाही या हाडांची किंमत ठाऊक होती. नारान्होच्या लेखानुसार ७१० मध्ये याशा या नगराच्या मृत राजाची हाडं उकरून एका बेटावर विखरून टाकली गेली. ग्वाटेमालातल्या उकानाल इथलं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. राजघराण्यातल्या किमान चार जणांचे अवशेष त्यांच्या दागिन्यांसह भडाग्नीत जाळून एका इमारतीच्या भरावात टाकलेले सापडले. काळ नवव्या शतकाच्या आसपासचा, पापमालिल नावाचा नवा सत्ताधारी पुढे आला तेव्हाचा. जुन्या घराण्याच्या पूर्वजांना जाळणं ही नव्या राजवटीची जाहीर घोषणा होती.

"पकाल अंतराळयान चालवतोय"

१९६८ मध्ये एका स्विस लेखकानं लोकप्रिय केलेली ही कल्पना. पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस यांनी पालेंकेचं हे थडगं १९५२ मध्ये उघडलं. शवपेटीच्या झाकणाचं चित्र आडवं धरलं की पकाल पुढे वाकून काहीतरी चालवतोय असं वाटतं. ते उभं पाहायचं आहे. खाली पाताळाचा उघडा जबडा, त्यात मरणाऱ्या आणि पुन्हा उगवणाऱ्या मक्याच्या देवाच्या रूपात पकाल, आणि त्याच्या अंगावरून वर गेलेला विश्ववृक्ष, टोकाला पक्षी. माया चित्रांत यातला प्रत्येक घटक इतरत्रही भेटतो. ज्वाळा म्हणून दाखवतात ते त्या जबड्याचे भाग.

पण या पोस्टवाल्यांची खरी चूक वेगळी आहे. ते फक्त झाकण दाखवतात. पेटीच्या बाजू कुणी शेअर करत नाही, आणि सगळी गोष्ट तिथे आहे. चारी बाजूंना मिळून दहा व्यक्तिचित्रं कोरली आहेत. प्रत्येक जण जमिनीच्या भेगेतून एखाद्या फळझाडासोबत उगवतो आहे. कुणामागे कोको, कुणामागे अ‍ॅव्होकाडो, कुणामागे चक्क आपण तिखटमीठ लावून खातो तो पेरू. हे पकालचे पूर्वज आहेत, नावानिशी. त्याची आई साक कुक आणि बाप कान मो हीश दोन-दोनदा, आणि योहल इक्नाल राणीही दोनदा. झाकणाच्या कडेनं आधीच्या सत्ताधाऱ्यांच्या मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत.

एवढा आटापिटा का? ५९९ आणि ६११ मध्ये कालाकमुलच्या घराण्यानं पालेंकेवर हल्ले केले होते. ६१२ मध्ये राजा वारला. ६१५ मध्ये पकाल गादीवर आला तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि त्याचा बाप राजा नव्हता. हक्क आईकडून आलेला. राजवाड्यातल्या एका लंबगोल फलकावर आईच त्याला राजमुकुट देते आहे. ६८ वर्षं राज्य करून ६८३ मध्ये तो गेला, तरी हा मुद्दा मिटला नव्हता. त्याचा मुलगा कान बालाम यानं ६९२ मध्ये बांधलेल्या मंदिरांतली वंशकथा थेट इ.स.पू. ३१२१ मध्ये जन्मलेल्या देवतेपर्यंत नेली. वारसा मोडला होता म्हणून तो एवढ्या मागून सुरू करावा लागला. पकालच्या वयाबद्दल बराच काळ वादही झाला. सुरुवातीच्या तपासणीत हाडं चाळिशीच्या माणसाची वाटली, लेख ८० सांगत होते. नंतरच्या तपासणीनं वृद्ध माणसाच्या बाजूनं कौल दिला. राजांचे लेख तपासूनच घ्यायचे असतात आणि कधी कधी ते खरे निघतात.

"नवव्या शतकात माया लोक नाहीसे झाले"

नाहीशी झाली ती दक्षिणेकडच्या सखल प्रदेशातली राजघराणी, तीही शंभर-दीडशे वर्षांत, एकेक करून. दुष्काळ, युद्धं, राजांवरचा उडालेला विश्वास, कारणांची यादी लांब आहे. कोपानमध्ये ८२२ साली उकित तोक नावाच्या इच्छुकानं क्यू वेदीची नक्कल करायला घेतली, आणि ती अर्धवटच राहिली. नगरं ओस पडली, माणसं दुसरीकडे गेली. उत्तरेत चिचेन इत्सा वाढलं, उत्तर ग्वाटेमालातल्या पेतेन भागातलं नोहपेतेन हे स्वतंत्र इत्सा राज्य तर १६९७ पर्यंत टिकलं. तोवर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला २३ वर्षं झाली होती.

वंशाचं राजकारणही संपलं नाही. युकातानमधल्या मानीच्या शिउ घराण्यानं सोळाव्या शतकात आपला वंशवृक्ष कागदावर काढून घेतला. आडव्या पडलेल्या मूळ पुरुषाच्या अंगातून झाड उगवतं आहे आणि फांद्यांवर वंशजांची नावं. स्पॅनिश दरबारात आपली खानदानी सिद्ध करून करमाफी आणि मान मिळवण्यासाठी या घराण्यानं कागदपत्रं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली.

चिचेन इत्सामध्ये बळी दिलेल्या ६४ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०२४ मध्ये आला. सगळे मुलगे निघाले, कुमारिकांना बळी देत ही दंतकथा तिथेच गळाली. त्यांतले बरेच एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते, दोन जोड्या एकसारख्या जुळ्यांच्या. आणि त्यांचं नातं आजच्या तिश्काकालतुयुब गावातल्या माया रहिवाशांशी जुळलं. आज सुमारे ३० माया भाषा बोलणारी लाखो माणसं आहेत. १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू त्यांतल्याच, किचे समाजातल्या. ग्वाटेमालातल्या यादवी युद्धाचा सत्यशोधन आयोग १९९९ मध्ये या निष्कर्षाला आला की दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. त्यांची कुटुंबं आजही सामूहिक कबरी उघडून घेताहेत, हाडांची डीएनए तपासणी करून आपल्या माणसांना नावानिशी पुन्हा पुरताहेत, आणि तो पुरावा न्यायालयात नेताहेत.